मातीचं धरण आतून पोखरतं: देखभालीतल्या या चुका टाळा

मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच. भराव कितीही नीट दाबलेला असो, चिकणमातीचा गाभा कितीही चांगला असो, थोडं पाणी आतून वाट काढत पायथ्याशी येतंच येतं. धरण आखणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं. म्हणून तर गाभ्यामागे वाळूचा गाळणी थर देतात आणि पायथ्याशी दगडी निचरा करतात. खरा धोका सुरू होतो तो हे पाणी निघताना सोबत माती घेऊन निघतं तेव्हा. आत बारीक नळी पडते, ती खालून वरच्या अंगाला, जलाशयाकडे वाढत जाते, आणि बाहेरून उतार मात्र हिरवागार, धडधाकट दिसत राहतो.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे पाझर किती आहे एवढंच पाहणं. त्याचा रंग आधी पाहा. काचेची स्वच्छ बाटली पाझराच्या तोंडाशी धरून भरा, उजेडात धरा, मग तासभर न हलवता ठेवून द्या. तळाशी मातीची पातळ साय धरली असेल तर ते पाणी धरणातली माती घेऊन आलं आहे, मग धार करंगळीएवढी का असेना. पाझराच्या भोवतीही वाकून बघा. वारुळाच्या तोंडाशी असतो तसा बारीक वाळूचा कडा जमला असेल आणि मधे पाणी उकळल्यासारखं वर येत असेल, तर त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा.

हातात वेळ किती थोडा असतो, ते अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या टीटन धरणावर दिसलं. 93 मीटर उंचीचं हे धरण पहिल्यांदाच भरत होतं. 5 जून 1976 ला सकाळी साडेसातच्या सुमारास खालच्या अंगाला गढूळ पाणी दिसलं. भोक बुजवायला बुलडोझर पाठवले, ते त्यातच गेले. 11 वाजून 57 मिनिटांनी माथा कोसळला. 11 जणांचा जीव गेला. पाणी सोडायचा मुख्य विमोचक तेव्हा तयारच नव्हता, म्हणून पातळी आवरता आली नाही.

दुसरी चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. खालच्या अंगाला पाझर दिसला की लोक तिथे चिकणमाती ठासतात किंवा सिमेंट ओततात. पाणी थांबलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते आत तुंबतं, दाब वाढतो आणि दुसरीकडून, बहुधा आणखी वरून, फुटून निघतं. पाण्याला जाऊ द्यायचं आणि मातीला अडवायचं, असा उपाय हवा. आधी जाडसर स्वच्छ वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड, असा उलटा गाळणी थर पसरायचा. उकळी फुटली असेल तर भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आत पाणी थोडं वर चढू द्यायचं, म्हणजे वेग मंदावतो आणि माती येणं थांबतं. पोती थेट उकळीच्या तोंडावर टाकू नका. हे सारं तात्पुरतं आहे. पाणी गढूळच राहिलं तर जलाशय उतरवायला लागा आणि खालच्या वस्तीला कळवा.

पाझर मोजतात, पण नोंद कशी करतात? मी एका नोंदवहीत महिनोन्महिने एकच आकडा उतरवलेला पाहिला आहे, उन्हाळ्यात तोच आणि भर पावसाळ्यातही तोच. अशी वही नसलेली बरी. पाझराच्या वाटेत आडव्या बसवलेल्या पाटीतल्या व्ही आकाराच्या खाचेवरून मोजलेल्या आकड्याशेजारी जलाशयाची पातळी आणि त्या दिवसाचा पाऊस लिहिलाच पाहिजे. पातळी तीच असताना पाझर वाढला, तर काहीतरी बदललं आहे. निचऱ्याचं पाणी अचानक बंद झालं तरी आनंद मानू नका. निचरा गाळाने बुजला असेल आणि तेच पाणी भरावात चढत असेल.

सांडव्याबाबत एकच गोष्ट, पण ती कडकपणे पाळा: साठा वाढवायला म्हणून त्याच्या तोंडावर पोती, फळ्या, जाळ्या लावू नका. मातीच्या भरावावरून पाणी वाहणं त्याला सोसत नाही, काही तासांत भराव कापला जातो. अमेरिकेतल्या साउथ फोर्क धरणाचा माथा रस्त्यासाठी उतरवला होता, तळाचे पाइप काढून टाकलेले होते आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या होत्या. 31 मे 1889 च्या अतिवृष्टीत ते फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात 2,200 हून अधिक माणसं दगावली. माथाही दरवर्षी लेव्हल लावून तपासा. मधेच खचलेला सखल भाग डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर सापडतो.

भेगांत फरक करायला शिका. उन्हाने पडलेल्या जाळीदार भेगा बहुधा उथळ असतात. माथ्याच्या लांबीने गेलेली भेग उतार घसरू लागल्याची खूण असू शकते. माथ्याला आडवी, म्हणजे जलाशयाकडून खालच्या अंगाकडे जाणारी भेग सर्वांत वाईट, कारण ती पाण्याला तयार वाट देते. भेग दिसली की वरून माती लोटून बुजवू नका. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, रुंदी लिहून ठेवा, पाऊस आत जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकने झाका आणि अभियंत्याला दाखवा.

उतारावर गवत हवं, झाडं नकोत. मोठं झाड नुसतं तोडून खोड तसंच ठेवलं तर मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ वाटा राहतात. पातळी खाली असताना मुळांसकट काढून खड्डा थराथराने दाबून भरा. घुशींच्या बिळांनाही हेच लागू.

भरावातून जाणारा पाइप ही धरणातली नाजूक जागा. त्याच्या कुशीत रोलर पोचत नाही, दबाई कच्ची राहते आणि पाणी पाइपाला बिलगून धावतं. पानशेतचा जलाशय बांधकाम पुरं होण्याआधीच भरत गेला आणि भराव त्यातून जाणाऱ्या विमोचकावरच खचला. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं. झडप जलाशयाच्या बाजूला असावी, म्हणजे भरावातल्या पाइपात दाबाखालचं पाणी राहत नाही. ती वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून बंद करा. गंजून बसलेली झडप संकटात हलत नाही. एरवी मात्र जलाशय झपाट्याने रिकामा करू नका. आतल्या उतारात मुरलेलं पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही आणि ओला उतार घसरतो. आखणीत दिलेला वेग पाळा.

पिण्याचं पाणी नेहमी तळाच्याच दारातून घेणं हीही चूकच. खोल तळाशी प्राणवायू संपतो, लोह आणि मँगनीज विरघळतात, पाण्याला वास येतो. जलाशयातून पाणी घेण्यासाठी बांधलेल्या विहिरीला वेगवेगळ्या उंचीवर दारं असतील तर ऋतूनुसार बदलत राहा.

लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्याच्या बाल्डविन हिल्स जलाशयावर 14 डिसेंबर 1963 ला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास रखवालदाराला पाण्याचा वेगळा आवाज ऐकू आला. त्याने लगेच वर कळवलं. दुपारी 3 वाजून 38 मिनिटांनी भराव फुटला. तोवर खालची वस्ती बरीचशी हलवली होती, तरी 5 जण गेले. तुमच्या रखवालदाराला रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा हे माहीत आहे का, ते आज विचारा, आणि ते नंबर त्याच्या खोलीत भिंतीवर लावून या.