पाळीव प्राण्याच्या उपचारांचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा

पुष्कळसा खर्च टाळता येण्याजोग्या आजारांवरच होतो. म्हणून पिल्लाला वयाच्या ६ ते ८ आठवड्यांपासून लसी वेळेवर द्याव्यात. पार्व्हो या आतड्यांच्या गंभीर विषाणूजन्य आजाराची लागण झालेल्या कुत्र्याला अनेक दिवस दवाखान्यात ठेवून सलाइन लावावे लागते आणि त्या बिलापुढे लसीची किंमत नगण्य ठरते. मादीची वेळीच नसबंदी केल्यास गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार आणि त्याची तातडीची शस्त्रक्रिया टळते.

आजार उद्भवलाच, तर डॉक्टरांशी पैशांविषयी मोकळेपणाने बोलावे, आणि यात प्रेमाची उणीव मुळीच नाही. खर्चाचा लेखी अंदाज मागावा, कोणती तपासणी आजच आवश्यक आहे व कोणती थांबू शकते हे विचारावे, तसेच त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध चालेल का, याचीही खात्री करून घ्यावी. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत उपचार अनेकदा कमी दरात होतात. विमा घ्यायचा असल्यास प्राणी निरोगी असतानाच घ्यावा, कारण आधीपासूनचे आजार त्यातून सहसा वगळलेले असतात.

मात्र बचतीसाठी घरातील माणसांची औषधे कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.