न्हावा शेव्याला उतरलेला कंटेनर पुढे कुठे जातो? मॉडेल असे बांधा

आधी एकक पक्के करा. २० फुटी कंटेनर म्हणजे १ टीईयू, ४० फुटी म्हणजे २. बंदराचे आकडे टीईयूत मिळतात, रस्त्यावर मात्र ट्रेलर धावतात आणि ४० फुटीला ट्रेलर एकच लागतो. टीईयूलाच ट्रेलर समजलात, तर पनवेलच्या रस्त्यावर नसलेली कोंडी दिसू लागेल.

मग कंटेनर कुठे उघडतो ते शोधा. सगळे काम इथेच अडते. डीपीडीचा (डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी) कंटेनर बंदरातून थेट आयातदाराकडे जातो. आयसीडीचा, म्हणजे देशाच्या आतल्या कंटेनर डेपोचा, रेल्वेने नागपूर, दादरी, तुघलकाबादला जातो. सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाला, गेलेला कधी भरलेलाच पुढे निघतो, तर कधी तिथेच रिकामा होऊन माल साध्या ट्रकने जातो. म्हणून कंटेनर आणि माल यांचे हिशेब वेगळे ठेवा, नाहीतर एकच खेप दोनदा मोजली जाते.

बिल ऑफ एंट्रीवरच्या, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातपत्रावरच्या, पत्त्यावर विसंबू नका. पत्ता नरिमन पॉइंटच्या कचेरीचा, माल चाकणच्या कारखान्याचा, हे नेहमीचेच. मुख्यालयांच्या नावावरचा माल कारखान्यांत वाटा. चाकण, वाळूज, बुटीबोरी असे औद्योगिक विभाग करून, मालाचा प्रकार पाहून.

आता रस्ता की रेल्वे? पुण्यापर्यंत हा प्रश्न फारसा पडत नाही. खरी चुरस नागपूर-दिल्लीसारख्या लांब पल्ल्यावर. दोन्हींचा दारापर्यंतचा खर्च काढा. त्यात आयसीडीहून शेवटचा ट्रेलर, रेक (अख्खी मालगाडी) भरेपर्यंतची वाट आणि रिकामा कंटेनर परत देण्याचे भाडे धरा. मग लॉजिट लावा, म्हणजे खर्चातल्या फरकावरून वाटा काढणारे सूत्र. समजा, रेल्वे ५ हजार रुपयांनी स्वस्त आहे आणि गुणांक (खर्चातल्या फरकाचा निवडीवर पडणारा जोर) दर हजारी ०.२, तर रेल्वेचा वाटा १ ÷ (१ + ई^−१), म्हणजे सुमारे ७३ टक्के. गुणांक मात्र तुमच्याच आकडेवारीतून काढा, उसना घेऊ नका. २० फुटीतला जड माल आणि ४० फुटीतला हलका माल यांना एकच गुणांक चालत नाही.

रिकाम्यांची परतफेरी विसरू नका. निर्यातीचा माल मिळाला नाही, तर प्रत्येक आयात कंटेनरमागे एक रिकामी फेरी असते.

बंदरातल्या मुक्कामाची सरासरी घेऊ नका. कस्टम्सच्या तपासणीत अडकलेले थोडे कंटेनर ती फुगवतात. मध्यक (निम्मे कंटेनर ज्याच्या आत सुटतात तो मुक्काम) आणि ९० वा शतमक (९० टक्के ज्याच्या आत सुटतात तो) घ्या.

शेवटी रेक मोजा. ४५ वॅगनच्या एकमजली रेकमध्ये ९० टीईयू मावतात. मॉडेलचे रेल्वेने जाणारे टीईयू भागिले ९० हा आकडा प्रत्यक्ष सुटलेल्या रेकपेक्षा बराच कमी आला, तर आधी रेक किती भरून गेले ते पाहा. गुणांकाला हात त्यानंतर.