पैसा थोडा, वय कमी, हातात डिप्लोमा नाही: कोकणात धंदा सुरू करताना या चुका टाळा

२०१७ च्या मार्चमध्ये आईने बचत गटातून माझ्यासाठी १५,००० रुपये काढले. मी बारावी नापास, वय वीस, आणि डोक्यात एकच गोष्ट: अमृत कोकम, म्हणजे कोकमाचं गोड सिरप, करून विकायचं. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, झाडं परसातच असतात. मे महिन्यात खाली फळांचा सडा पडतो आणि निम्मी फळं पावसात कुजून जातात. फळ घरचं, मग तोटा कसला, असं वाटायचं.

त्या १५,००० पैकी ६,५०० ची झाकण बसवायची मशीन मी कोल्हापूरहून आणली. ५,५०० बाटल्यांत आणि छापील लेबलांत गेले. उरले ३,०००. घरचे रातांबे आठ दिवसांत संपले. शेजारच्या वाडीतले विकत घ्यायला पैसे नव्हते, साखरेचं दुसरं पोतं आणायलाही नव्हते. झाडाखाली फळ पडत होतं आणि मी मशीनवर फडकं घालून बसले होते. त्या वर्षीचा हंगाम तसाच गेला.

तेव्हापासून आमच्या भागातल्या बऱ्याच मुलामुलींना धंदा सुरू करताना पाहिलं. कुणी काजू फोडायला घेतला, कुणी तारकर्लीला पर्यटकांसाठी खोल्या काढल्या, कुणी आंब्याच्या पेट्या पाठवायला लागलं. जे बंद पडले त्यांतल्या बहुतेकांचा माल चांगला होता, गिऱ्हाईकही होतं. पैसा कुठेतरी अडकला आणि पुढचा माल घ्यायला हातात काही राहिलं नाही.

पहिला पैसा मशीनमध्ये घालू नका

कोकणातला हंगाम वाट पाहत नाही. रातांबा एप्रिल-मे, आंबा मार्च ते मे, काजू बी फेब्रुवारीपासून मेपर्यंत. या चार महिन्यांत ज्याच्या हातात रोख असते, तो वर्षभराचा माल भरून ठेवतो. म्हणून निम्म्याहून जास्त पैसा खेळता ठेवा. पहिल्या वर्षी हाताने झाकणं लावा, मोठं पातेलं भाड्याने आणा, काजू गावातल्या युनिटवर मजुरी देऊन फोडून घ्या. काजूत तर हे फारच लागू आहे. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर मिळतो, म्हणजे गर विकला जाईपर्यंत चौपट वजनाच्या बीचा पैसा तुमचा अडकलेला. त्यात मशीनचा हप्ता आला की श्वास घ्यायला जागा राहत नाही.

लेबलं एकदम २,००० छापणं ही माझी दुसरी घोडचूक. छापखानावाला म्हणाला, जास्त छापलं की स्वस्त पडतं. पडलं खरं, पण लेबलावर अन्न परवान्याचा नंबर नव्हता, बॅच नंबरला आणि बनवल्याच्या तारखेला जागाच नव्हती. सगळा गठ्ठा चुलीत गेला. घरच्या मालासाठी अन्न सुरक्षेची साधी नोंदणी आधी करा. मी केली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती, आणि शिक्षण किती झालं हे त्या अर्जात कुणी विचारलं नाही. नंबर हातात आला की मगच लेबल, तेही पहिल्यांदा २०० च.

हिशेबात स्वतःला आणि दुकानदाराला विसरू नका

माझ्या ७०० मिलीच्या बाटलीचा पहिला हिशेब असा होता: फळ १२ रुपये, साखर २६, बाटली-झाकण १५, लेबल ३, गॅस आणि किरकोळ ४. एकूण ६०. विकायची ९० ला. एका बाटलीमागे तीस रुपये सुटणार म्हणून मी हुरळले.

मग सावंतवाडीच्या दुकानदाराने २० टक्के मागितले, १८ रुपये गेले. खोका आणि एसटीचं पार्सल मिळून बाटलीमागे ६. फुटलेल्या आणि परत आलेल्या बाटल्यांचे, सगळ्यांवर वाटून, ४. तीसमधले उरले दोन रुपये. आई, मी आणि मावशी पहाटेपासून फळं फोडत होतो, त्या मजुरीचा एक पैसाही त्यात धरलेला नव्हता. घरच्या बायकांचं काम फुकट धरून काढलेला नफा हा नफा नसतो. कामाचे तास लिहा, गावात चालू असलेल्या मजुरीच्या दराने त्यांची किंमत लावा आणि मग भाव ठरवा. भाव जास्त वाटला तर बाटली लहान करा. मी ७०० मिलीबरोबर २०० मिलीची बाटली काढली आणि रेल्वेने परतणारे चाकरमानी तीच जास्त उचलायला लागले, कारण ती बॅगेत मावते.

डिप्लोमा नसला तरी चालेल, काटा हवा

गिऱ्हाईक कधी मार्कशीट मागत नाही. पण डिप्लोमावाल्याला जी गोष्ट शिकवलेली असते ती आपल्याला शिकावीच लागते, आणि ती म्हणजे मोजणं. आमच्याकडे सगळं अंदाजाने चालतं: मूठभर मीठ, चिमूटभर पावडर, तार येईपर्यंत पाक. दहा बाटल्यांना अंदाज चालतो. दोनशेला चालत नाही. माल का बिघडतो याबद्दल मला सगळ्यात जास्त फोन येतात, म्हणून इथे जरा थांबते.

*बाटली फसफसते, झाकण फुगतं.* बहुतेक वेळा साखर कमी पडलेली असते किंवा बाटली ओली असते. सिरपमध्ये साखरेचं प्रमाण निदान ६५ टक्के हवं, आणि ते जिभेला कळत नाही. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, त्याच्या काचेवर एक थेंब ठेवला की आकडा दिसतो. मी सांगितलेल्या सगळ्या खरेदीत हीच एक वस्तू पहिल्याच वर्षी घ्यावी अशी आहे. बाटल्या धुऊन उलट्या ठेवा आणि आत पाण्याचा एक थेंबही दिसेनासा झाल्यावरच भरा. आमच्या दमट हवेत याला दोन दिवसही लागतात.

*कोकमाचा लाल रंग उडतो.* हे माझ्या हातून झालेलं आहे. आंब्याच्या स्क्वॅशला आत्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालायची, मीही तेच कोकमात घातलं. सकाळी बाटल्या फिक्या पडलेल्या. त्या पावडरीतून निघणारा गंधकाचा वायू फळांचा लाल रंग मारतो. आंब्याला ती चालते. कोकम, जांभूळ अशा लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट वापरतात, तेही कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत, ग्रॅमच्या काट्यावर तोलून आणि आधी थोड्या पाण्यात विरघळवून.

*बाटली आकसते.* गरम पाक प्लास्टिकच्या बाटलीत ओतलात. थंड करून भरा किंवा काचेची घ्या.

*आमसुलाला बुरशी येते.* वाळवण अर्ध्यावर असताना वळवाचा पाऊस गाठतो, किंवा वरून कोरडं वाटलं म्हणून भरण्याची घाई होते. एक आमसूल मधोमध फाडून बघा, आत ओल लागली तर आणखी ऊन द्या. आणि कोकमाला ॲल्युमिनियमचं भांडं कधी वापरू नका. आंबट रस त्या धातूला खातो आणि चव बिघडते.

हे शिकायला पैसे लागत नाहीत. आमच्या सिंधुदुर्गात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे, दापोलीला १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याला त्यांचंच फळ संशोधन केंद्र आहे. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था राहण्या-जेवणासकट मोफत शिकवते. मी दोन वर्षं लाजेखातर गेले नाही. आपण नापास, तिथे सगळे शिकलेले असतील, असं वाटायचं. गेले तेव्हा बाजूच्या बाकावर सातवी शिकलेल्या दोन काकी बसल्या होत्या आणि माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारत होत्या.

कर्जाचा अर्ज उशिरा करू नका, एजंटाकडून तर करूच नका

"आपलं शिक्षण नाही, आपल्याला सरकारी योजना मिळत नाही" असं समजून कितीतरी जण चौकशीलाच जात नाहीत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे कर्जावर अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेत, आठवी पासची अट आहे, पण ती उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर आणि सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तरच. त्याखाली शिक्षणाची अट नाही. मात्र ही योजना नव्या युनिटसाठी आहे. आमच्या गावातल्या एका मुलाने आधी उधार-उसनवारी करून युनिट सुरू केलं आणि मग अर्ज टाकला. तो तिथेच अडकला. अनुदानाची रक्कमही सुरुवातीला हातात पडत नाही. ती तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेवलेली असते आणि मग कर्जात वळती होते. तिच्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नका.

छोट्या गरजेला २०१५ पासून मुद्रा ही छोट्या कर्जाची योजना आहे. तिच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही. मुद्राने कुठेही एजंट नेमलेले नाहीत. "साहेबांशी ओळख आहे, पाच हजार द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तीच गोष्ट उद्यम नोंदणीची, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची. २०२० च्या जुलैपासून ती आधारवर, घरबसल्या आणि पूर्ण मोफत होते, तरी सरकारी वाटणाऱ्या साइट बनवून लोक हजार-दोन हजार उकळतात. दुकानात वीसपेक्षा कमी माणसं असतील (२०२५ च्या बदलाआधी दहापेक्षा कमी) तर राज्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे शॉप ॲक्टची नुसती ऑनलाइन सूचना पुरते. आणि फक्त राज्यातच माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. कुणाचं तरी ऐकून पहिल्याच महिन्यात नंबर काढलात तर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरत बसावं लागतं.

सामाईक सातबाऱ्यावर शेड बांधू नका

घरची जमीन म्हणजे आपली जमीन, असं कोकणात धरून चालत नाही. सातबाऱ्यावर आजोबांच्या सगळ्या भावांचे वारस असतात. अर्धे मुंबईला, दोघं बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. शेडचे खांब उभे राहिले की कुणाला तरी आपला हिस्सा आठवतो. आमचा एक चुलतभाऊ तसाच आला. वाद मिटला, पण काम चार महिने थांबलं आणि तेवढ्यात मे महिना संपला. बँकेत आणि वीज मीटरच्या अर्जातही हाच प्रश्न येतो. सगळ्यांची लेखी संमती गणपतीत घ्या, तेव्हा सगळे एका छपराखाली असतात. नाहीतर सुरुवात स्वयंपाकघरातून करा. समुद्राकाठी टपरी किंवा खोल्या काढायच्या असतील तर भरतीरेषेपासूनच्या अंतराचे नियम तालुक्याला विचारून घ्या. "सगळ्यांनीच बांधलंय" हे पाडायला आलेल्या माणसापुढे चालत नाही.

पावसाळा आणि वारा हिशेबात धरा

बोटिंग, स्कूबा, किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या, सगळं पावसाळ्यात बंद असतं. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. म्हणजे पर्यटनावर उभा केलेला धंदा वर्षात आठ-नऊ महिन्यांचा, आणि त्यातही खरी गर्दी मे महिन्याची, दिवाळीची आणि नाताळची. हप्ता मात्र बारा महिने जातो. बँकेत बसतानाच पावसाळ्यातले हप्ते कमी ठेवता येतील का ते विचारा.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा माझ्या फ्रीजरमध्ये आंब्याचा रस होता. झाडं तारांवर पडली, लाईट कितीतरी दिवस आली नाही. सगळा रस मी माडाच्या आळ्यात ओतला. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडात बागा आडव्या केल्या होत्या, ते पाहूनही मी शहाणी झाले नव्हते. आता विजेवर टिकणारा माल मी ठेवत नाही. आमसूल, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), फणसाचे सुकवलेले गरे आणि पुरेशा साखरेचं सिरप यांना लाईट लागत नाही.

नावाशी खेळू नका

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावायचा हक्क, मिळालं, वेंगुर्ल्याच्या काजूला आणि आमच्या कोकमाला २०१६ मध्ये. बाहेरून आलेला आंबा देवगडच्या पेटीत भरला की डझनामागे चार पैसे सुटतात, हा मोह एप्रिलमध्ये होतोच. गिऱ्हाईक एकदाच फसतं आणि पुढच्या वर्षी त्याच्या सोसायटीतल्या वीस घरांची ऑर्डर जाते. तुमचं वय कमी, दुकान नाही, पाटी नाही, सगळी पत त्या एका पेटीवर असते. हापूसमध्ये साका, म्हणजे आतला खराब झालेला गर, बाहेरून दिसत नाही, तेव्हा तो निघाला तर वाद न घालता तेवढे आंबे पुढच्या पेटीत भरून द्या. पेटीच्या भावात तो खर्च आधीच धरा.

उधारी

"गणपतीक देतंय गो" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं आहे. म्हणणारी माणसं वाईट नसतात, त्यांचाही पैसा कुठेतरी अडकलेला असतो. पण दुकानदार काका ओळखीचे, बाबांच्या बरोबरचे, त्यांच्याकडे पैसे कसे मागायचे, या संकोचात माझे एका वर्षी ११,००० अडकले. धंदा सुरू केला होता जेमतेम त्याहून थोड्या जास्त पैशांत.

आता पद्धत साधी आहे. पहिला खोका उधार, दुसरा खोका पहिल्याचे पैसे आल्यावर. माल देताना दोन प्रतींच्या पुस्तकात काकांची सही घेते आणि संध्याकाळी तेच व्हॉट्सॲपवर पाठवते. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात सगळ्या दुकानांना एक फेरी मारते, कारण गणपतीचा माल तेव्हा भरला जातो आणि त्यांना माझ्या बाटल्या हव्या असतात. "काका, मागचे २,४०० राहिलेत, ते दिलेत की गाडीतनं सहा खोके उतरवते" एवढंच बोलायचं. पहिल्यांदा बोलताना माझा आवाज कापत होता. काकांनी गल्ल्यातून पैसे काढून मोजून दिले आणि वर विचारलं, "सहा कित्याक, आठ दी."