शाळेकडे नेमकं काय मागायचं

शाळेत समुपदेशक म्हणून माझ्यासमोर पालक येतात ते बहुधा जाडजूड फाइल घेऊन. रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं असतं. आणि शेवटी म्हणतात, "मॅडम, तिला अँग्झायटी आहे, जरा सांभाळून घ्या." आता गणिताच्या सरांनी पहिल्या तासाला यातलं नक्की काय करायचं? त्यांना कळत नाही, म्हणून ते काहीच करत नाहीत. शाळेला आजार समजावत बसण्यापेक्षा काम सांगा.

त्यासाठी आधी आठवडाभर एका वहीत नोंदी ठेवा. पोटात कुठल्या दिवशी दुखलं, झोप कधी लागली, घरी आल्यावर कसं होतं, सुट्टी संपत आली की काय होतं. एका आईच्या वहीत फक्त मंगळवार आणि शुक्रवारवर खुणा होत्या. वेळापत्रक काढून बघितलं, तर त्याच दोन दिवशी भाषेच्या तासाला एकेकाला उभं करून धडा वाचून घेत. मुलगी शाळेला घाबरतच नव्हती, त्या वाचनाला घाबरत होती. बाईंनी तिला आधी सांगून, बसल्या जागी दोन ओळी वाचायला लावायचं ठरवलं आणि निम्मं काम झालं.

मग मुलाला विचारा, कोणाला किती सांगायचं. किशोरवयात हे न विचारता केलं तर त्याचा विश्वास उडतो. निदानाचं नाव प्रत्येक शिक्षकाला कळायलाच हवं असं नाही. काय त्रास होतो आणि तेव्हा काय करायचं, एवढं पुरतं.

फाटकाजवळ उभ्याउभ्या बोलू नका. वर्गशिक्षकांकडे लेखी वेळ मागा आणि पत्र एका पानात बसवा. काहीसं असं: "आमच्या मुलाला पॅनिक अटॅक येतात. छाती धडधडते, श्वास अडकल्यासारखा होतो. साधारण दहा मिनिटांत त्रास शिगेला पोचतो आणि मग उतरतो. अशा वेळी परवानगी न मागता बाहेर जाऊन ठरलेल्या खोलीत बसता यावं. जागा दाराजवळ मिळावी. डॉक्टरांचं पत्र सोबत आहे."

याशिवाय शाळेतला एक मोठा माणूस ठरवून मागा, ज्याच्याकडे मूल कधीही जाऊ शकेल. तो समुपदेशकच हवा असं नाही. ग्रंथपाल चालेल, पीटीचे सर चालतील. निवड मात्र मुलाची. परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळी खोली हवी असेल, तर अर्ज आणि मुदत यांची चौकशी वर्ष सुरू होतानाच करा.

"एकाला सवलत दिली की सगळे मागतील," हे ऐकावं लागेलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो, म्हणजे शाळेला हे पुढेही लागणारच आहे. "उद्धट झालाय," हे दुसरं वाक्य. या वयातलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसतं, हे शिक्षकांना शांतपणे सांगा. औषध सुरू असेल तर हेही सांगा, की नैराश्यावरच्या औषधांचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात.

सगळ्यात अवघड म्हणजे मुलाचं शाळेत जाणंच बंद झालेलं असणं. घरी राहिलं की भीती लगेच ओसरते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी निघणं आणखी जड जातं. एकदम पूर्ण दिवसाचा हट्ट नको. आधी आवडीचा एकच तास, मग दोन, मग मधल्या सुट्टीपर्यंत. बुडालेल्या अभ्यासातलं काय खरंच लागणार आहे ते शिक्षकांकडून खुणा करून घ्या आणि बाकीचं सोडून द्यायला सांगा. इथे शाळा कुरकुरते, पण वह्यांचा ढीग डोक्यावर घेऊन कुठलंही मूल परत येत नाही. "कुठे होतास?" याचं उत्तरही घरीच तयार ठेवा: "बरं नव्हतं, आता येतोय." एवढंच, आणि विषय बदलायचा.

स्वतःला इजा करणं किंवा मरणाची भाषा असेल, तर यातलं काहीही थांबून करायचं नाही. सरळ विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि शाळेलाही त्याच दिवशी कळवा.

बैठकीत जे ठरलं ते त्याच संध्याकाळी मेल करून कळवा: कोण, काय, कधीपासून, आणि महिन्याभरानंतरच्या पुढच्या भेटीची तारीख. वर्ग बदलला की जुनं पत्र नव्या शिक्षकांपर्यंत आपोआप पोचत नाही. पहिल्याच आठवड्यात नवी प्रत द्या, पण आधी ती मुलाच्या हातात ठेवा. एखादी सवलत आता त्याला नको असेल, तर ती त्यालाच खोडू दे.