वाईनचे ग्लास घेताना: दीडशे रुपयांपासून पाच हजारांपर्यंत

वाईनच्या ग्लासाच्या किमतीत तीन गोष्टींचे पैसे असतात: काठ किती पातळ, काच कुठली, आणि ग्लास यंत्रावर झाला की कारागिराने फुंकून केला. उरलेले पैसे खोक्यावरच्या नावाचे. आकाराचे वेगळे पैसे पडत नाहीत. अडीचशेच्या ग्लासातही चांगला आकार मिळतो आणि दोन हजारांचाही चुकीचा घेतला जातो. म्हणून आधी आकार ठरवा, मग खिसा बघा.

आकार म्हणजे पोट रुंद आणि काठ आत वळलेला, एवढंच. पोट जिथे सर्वांत रुंद असतं तिथपर्यंतच वाईन ओतायची. वरची रिकामी जागा वासासाठी. काठ बाहेर पसरलेला असेल तर वास उडून जातो आणि ग्लास गोल फिरवला की वाईन शर्टावर येते. घरासाठी एकच माप पुरतं: साधारण 350 ते 450 मिली, पोट साडेआठ-नऊ सेंमी, काठ सहा-साडेसहा सेंमी. रेड, व्हाइट, रोझे सगळं त्यात चालतं. स्पार्कलिंगसुद्धा चालते, उंच नळीसारख्या फ्लूटमध्ये बुडबुडे देखणे दिसतात, पण नाकाला काहीच मिळत नाही.

600-700 मिलीचे मोठे फुगे गोव्यात तरी टाळा. पंख्याखाली 30 अंशांत बसलेलं असताना फ्रिजमधून काढलेली व्हाइट एवढ्या मोठ्या ग्लासात बघता बघता कोमट होते. मोठा ग्लास दिसला की हातही सैल सुटतो. 750 मिलीच्या बाटलीचे 150 मिलीप्रमाणे पाच ग्लास होतात हा सगळीकडचा हिशेब. इथे व्हाइट 90-100 मिलीच ओता, बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत ठेवा आणि पुन्हा ओता. रेडला लागणारे 16-18 अंश इथल्या खोलीत मिळत नाहीत, तेव्हा बाटली ओतण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

दांडी याचसाठी हवी, नाहीतर हाताची ऊब वाईनला लागते. दांडी नसलेले ग्लास स्वस्त, बुटके, सहसा कलंडत नाहीत, हे खरं. पण बांगड्याचं रेशाद (मसाला भरून तळलेला बांगडा) हाताने खाणाऱ्या टेबलावर दुसऱ्या घोटालाच अख्खा ग्लास तेलकट होतो.

आता किमती. आकडे एका ग्लासाचे आणि अंदाजाचे. सेटमध्ये घेतल्यास थोडे उतरतात.

150 ते 350 रुपये. ही साधी सोडा-लाइम काच. थायलंडच्या ओशनसारख्या कंपन्यांचा माल याच पट्ट्यात येतो. काच जाडसर असते आणि काठावर बोटाला लागेल असा गोल मणी असतो. कापलेली कड वितळवून गोल केली की तो तयार होतो. काठ त्यामुळे सहजी टवकत नाही, पण घोट घेताना ओठाला आधी काच जाणवते, मग वाईन. होमस्टे, मोठी पार्टी, नाताळचं घर भरलेलं असताना हेच घ्या. पुढच्या वर्षी दोन कमी झाले तरी जीव जळत नाही.

500 ते 1,200 रुपये. सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो, म्हणून जमलं तर इथेच थांबा. ही शिसं नसलेली क्रिस्टल काच; शिशाऐवजी बेरियम, झिंक, टायटॅनियम यांची ऑक्साइडं वापरतात. काठ कापून घासलेला, मणी नसलेला. लुकारिस, श्पीगेलाऊ, शॉट त्स्वीझेल ही नावं याच वर्गातली. त्स्वीझेलच्या खोक्यावर ‘ट्रायटन’ लिहिलेलं असतं, ती टायटॅनियम घातलेली काच. ऑनलाइन मात्र ‘ट्रायटन’ याच नावाने एक न फुटणारं प्लास्टिकही विकलं जातं. समुद्रकिनारी किंवा पूलजवळ तेच योग्य, पण काच समजून मागवलं तर खोकं उघडल्यावर तोंड पडतं. वर्णनात ‘ग्लास’ की ‘कोपॉलिएस्टर’ ते वाचा.

2,000 ते 4,000 रुपये. रिडेलसारख्या घराण्यांच्या यंत्रावर केलेल्या मालिका. क्लाउस रिडेल यांनी 1973 मध्ये द्राक्षाच्या जातीनुसार वेगळे ग्लास आणले, तेव्हापासून कॅबर्नेचा वेगळा, पिनो न्वारचा वेगळा अशी प्रथा पडली. नाशिकची शेनिन ब्लाँ आणि अकलूजची सांजोव्हेझे पिणाऱ्याला सहा जातींचे सहा ग्लास कशाला? एकाच आकाराचे सहा घ्या.

5,000 आणि पुढे. तोंडाने फुंकलेले, ऑस्ट्रियाच्या झाल्टोसारखे. काठ पापुद्र्यासारखा, ग्लास हातात आहे की नाही कळत नाही इतका हलका. इथून पुढे पैसे नाजूकपणाचे. कपाटात शोभेला ठेवायचे असतील तर नकोच.

दुकानात ग्लास हातात घेऊन पाच मिनिटं द्या. सपाट काउंटरवर ठेवून काठाला हलकं बोट लावा; डुगडुगला तर तळ वाकडा आहे. दांडीवरून नख फिरवा. उभी शिवण लागली तर ग्लास साच्यातला, स्वस्त पट्ट्यातला. त्याचे हजार रुपये देऊ नका. काठावरून बोट फिरवा, ओरखडल्यासारखं कुठे लागलं तर टवका आहे. डोळ्यांच्या रेषेत धरून बघा: पोटात बुडबुडा, लाट, कलती दांडी. मग दांडी धरून पोटावर नखाने टिचकी मारा. क्रिस्टल टिणऽऽ करून वाजत राहतं, साधी काच ‘टक्’ करून गप्प होते. पोट हाताने धरून टिचकी मारलीत तर दोन्ही गप्पच. शेवटी नाक आत घालून बघा. नाक काठाला अडत असेल तर तोंड फारच अरुंद.

घरून निघण्याआधी कपाटाच्या खणाची उंची मोजून न्या. चांगले ग्लास 21 ते 24 सेंमी उंच असतात आणि मॉड्युलर किचनचे खण पुष्कळदा त्याहून बुटके. सहा हवे असतील तर आठ घ्या, आणि दुकानदाराला विचारा की हीच मालिका पुढच्या वर्षी सुटी मिळेल का. एक फुटला म्हणून सेट मोडतो, तो महाग पडतो.

पोर्ट आणि फेणीसाठी वेगळा छोटा ट्युलिप ग्लास मात्र घ्या. चव बघण्यासाठीच्या आयएसओ 3591 या 1977 च्या मानकातला ग्लास 215 मिलीचा, पोट 65 मिमी, काठ 46 मिमी. त्यात 50 मिली ओततात. गोव्याची गोड पोर्ट त्यात छान बसते. काजू फेणीही त्यातच घ्या. मोठ्या पोटाच्या ग्लासात नाक घातलं की आधी स्पिरिटच नाकात चढतं आणि काजूचा वास मागे राहतो. हुर्राकला, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या हलक्या दारूला, लिम्का, मीठ, मिरचीचा साधा उंच ग्लासच बरा.

जुन्या घराच्या कपाटात आजोबांच्या वेळचं जड, कोरीव कट-ग्लास असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरा. सणाला त्यात ओतून लगेच प्यायला हरकत नाही, पण तसल्या डिकँटरमध्ये (वाईन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) पोर्ट महिनोन् महिने भरून ठेवू नका. शिसं वाईनमध्ये उतरतं.

ग्लास जास्त फुटतात ते पुसताना. एका हातात तळ, दुसऱ्यात पोट धरून फडकं पिळल्यासारखं फिरवलं की दांडी मोडते आणि तुटकं टोक तळव्यात शिरतं. पोट एका हाताच्या ओंजळीत धरा, पुसायचं तेही त्याच पोटाला. तळ वेगळा पुसा. धुणं दुसऱ्या दिवशी सकाळी, सिंकमध्ये टॉवेल अंथरून, कोमट पाण्याने. फ्रिजमधल्या ग्लासावर कढत पाणी ओतू नका, तडकतो.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर लाकडी कपाटात ग्लास उपडे ठेवले की आत कुबट हवा कोंडते आणि पहिल्या घोटाला बुरशीचा वास येतो. लोक बाटलीला दोष देतात. ग्लास उभेच ठेवा, त्या खणात डांबरगोळ्या ठेवू नका, ओतण्याआधी रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. वास आला तर साध्या पाण्याने विसळून, थोडी वाईन फिरवून ती फेकून द्या.

बोअरच्या पाण्याने धुतलेल्या ग्लासावर पांढरट धूसर थर आला तर फडक्यावर पांढरं व्हिनेगर घेऊन चोळा. माडाचं विनेगर विंदालूला ठेवा, त्याचा वास ग्लासाला राहतो. थर गेला तर तो क्षार होता. नाही गेला तर डिशवॉशरने काचच खाल्ली आहे, ती आता पाण्याचा ग्लास म्हणूनच वापरा.