ठाण्यात पेट सिटिंग करायचंय? आधी गेटबाहेरच्या कुत्र्यांशी ओळख करा

गणपतीच्या आधी पंधरा दिवस माझा फोन वाजायला लागतो. अर्धं ठाणं कोकणात निघतं, एसटीचं बुकिंग कधीच झालेलं असतं, मखराचं सामान आलेलं असतं आणि घरातल्या कुत्र्याचं नाहीतर माऊचं काय करायचं हे शेवटच्या आठवड्यात आठवतं. मग दिवाळी, मग मे महिना. सात वर्षं झाली मला हे पेट सिटिंगचं, म्हणजे मालक गावाला गेले की त्यांचे प्राणी सांभाळायचं काम करून, घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत सगळीकडे जाते. आता बरीच मुलं-मुली विचारतात की ताई आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी गेटबाहेरचं सांगते. घरातल्या कुत्र्याला फिरवायला खाली उतरलात की पहिली गाठ पडते ती गल्लीतल्या कुत्र्यांशी. ती मालकाला ओळखतात, तुम्हाला नाही, आणि रोजचा कुत्रा परक्या माणसाच्या हातात दिसला की भुंकत मागे लागतात, मग आपला कुत्रा बिथरतो, पट्टा ओढतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून काम घेतलं की मी दोन दिवस आधी संध्याकाळी जाऊन नुसती गेटपाशी उभी राहते. वॉचमनकाकांशी बोलते. इथे किती कुत्री आहेत, कुणाला पिल्लं झालीयेत का (पिल्लांची आई जवळ येऊ देत नाही, तेव्हा तो रस्ताच टाळायचा), खायला कोण घालतं, किती वाजता घालतं. आणि कान बघते. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच मारलेली असते, ऑपरेशनच्या वेळी रेबीजची लसपण देतात. खाच असलेली कुत्री जास्त दिसली की जरा निर्धास्त वाटतं, नसतील तर काय करायचं ते पुढे सांगते.

मग घरची भेट. फोनवर ठरवून थेट किल्ली घ्यायला जाऊ नका, मालक घरात असताना एकदा तरी तास-दीड तास जाऊन बसा. गेल्या गेल्या प्राण्याला हात लावू नका, डोळ्यात डोळे घालून बघू नका, खाली जमिनीवर बसा आणि मालकाशी बोलत रहा, तो येईल हुंगायला. या भेटीतच सगळं विचारून वहीत लिहायचं. काय खातो, किती, किती वाजता, औषध कुठलं आणि ते कशात घालून देतात, कशाला घाबरतो, कधी कुणाला चावलाय का (हे विचारायला लाजू नका, आणि उत्तर देताना मालक एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा), शी कशी होते रोज, सोफ्यावर चढू देतात का. लसीकरणाचं पुस्तक स्वतः उघडून तारखा बघायच्या, "झालंय हो सगळं" यावर राहायचं नाही. रेबीजची लस चालू नसेल तर मी काम घेत नाही, मग ओळखीचे असले तरी.

एक कागदपण करा, साधाच. त्यात तारखा, पैसे, नेहमीच्या डॉक्टरचा नंबर, आणि मुख्य म्हणजे मालकाचा फोन लागला नाही तर अमुक रकमेपर्यंत उपचार करायला माझी परवानगी आहे असं त्यांच्या सहीने. गावाला रेंज नसते. मालक देवगडला आरतीला बसलेत आणि इथे कुत्र्याला सलाईन लावायची की नाही हे तुम्ही ठरवायचंय, अशी वेळ येते म्हणजे येतेच.

आता माझी चूक सांगते, कारण ती प्रत्येकाकडून होऊ शकते. पहिल्याच वर्षी, पावसाळ्यात, वर्तक नगरला एका बीगलकडे जायचे. एका हातात छत्री, एका हातात किल्ल्या, सेफ्टी डोअर उघडलं आणि तो माझ्या पायातून सटकून जिन्याने खाली, गेट उघडंच, बाहेर. अडीच तास शोधला मी त्याला, रडत शोधला. शेवटी वडापावच्या गाडीवाल्या काकांनी फळीखाली बसवून ठेवलेला सापडला, थरथरत होता. त्या दिवसापासून नियम एकच, बाहेरून आत जाताना आधी दार चार बोटं उघडायचं, पाय आडवा घालायचा, आत शिरून दार लावायचं मग सामान ठेवायचं. आणि बाहेर नेताना पट्टा घरातच, दार बंद असताना लावायचा, हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) एक आणि गळ्यातल्या पट्ट्याला एक अशा दोन दोऱ्या. गळ्यात मालकाचा आणि तुमचा दोन्ही नंबर असलेला बिल्ला. दिवाळीत तर दोन दोऱ्यांशिवाय खाली उतरायचंच नाही, लवंगी वाजली तरी भले भले कुत्रे पट्ट्यातून मान काढून पळतात. तेव्हा फिरवणं दुपारी उरकायचं, संध्याकाळी आतल्या खोलीत पडदे लावून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून शेजारी बसून रहायचं. तो पलंगाखाली गेला तर जाऊ दे, ओढून काढू नका.

मांजरांचं वेगळंच असतं. मांजराला माणसापेक्षा जागा सुटली की जास्त त्रास होतो, म्हणून माऊला तुमच्या घरी आणण्यापेक्षा तुम्ही तिच्या घरी जाणं कधीही चांगलं. पहिले दोन दिवस ती दिसणारच नाही, वॉशिंग मशीनमागे नाहीतर कपाटावर असेल. शोधून आत आहे एवढी खात्री करायची, वाटी भरायची, लिटर (तिच्या शी-शूसाठी डब्यात ठेवलेली वाळू) साफ करायचं, थोडा वेळ बसून यायचं. पण दोन गोष्टींवर लक्ष पाहिजेच. एक, खाणं. मांजर पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल तर डॉक्टरला फोन करायचा, कारण मांजरं उपाशी राहिली, त्यातून जाडी असली, की लिव्हरवर येतं. दुसरं म्हणजे बोका. पाचपाखाडीला एका बोक्याकडे होते, तो सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसत होता, कण्हत होता, उठून परत बसत होता, आणि लिटर कोरडं. बद्धकोष्ठ वाटतं बघणाऱ्याला. पण ती लघवी अडकलेली असते, एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो. रात्री साडेनऊला रिक्षा करून नेला त्याला, डॉक्टर म्हणाले सकाळवर टाकलं असतं तर अवघड होतं. म्हणून लिटर नुसतं साफ करायचं नाही, लघवीने वाळूचे झालेले गोळे मोजायचे. रोजचे तीन असतील आणि आज एकही नाही, तर तुम्हाला पुढचं काम कळलं पाहिजे.

आणि मांजर असलेल्या घरात खिडक्यांना जाळी नसेल तर काम घेण्याआधी लावायला सांगा. कबुतरामागे उडी मारतात, विसाव्या मजल्यावरूनही.

खाण्यातलं बरंचसं मालक सांगतात पण आजूबाजूच्यांना माहीत नसतं. प्रसाद म्हणून शेजारच्या काकू मनुका घातलेला शिरा देतात, तर मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना दोघांनाही नको, म्हणजे आपल्या घरातला रस्सा-भात आलाच त्यात. चॉकलेट नाही. मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधी, कधीच देऊ नका, एक गोळीसुद्धा मारते. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात. घरात लिलीची फुलं असतील तर बाहेर काढा, त्याचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी जाते. थर्मामीटर स्वतःचा वेगळा ठेवा, कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हिशोबाने ताप वाटेल पण तो ताप नाही.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, डबक्यातलं पिऊ देऊ नका. उंदराच्या मुताने लेप्टो होतो, कुत्र्याला होतो आणि त्याच्यामुळे आपल्यालाही होऊ शकतो. घरी आलं की पंजे धुवून बोटांच्या मधला भाग कोरडा करायचा, तिथेच आणि कानामागे गोचीड बघायची. गोचीडताप ठाण्यात खूप बघितलाय मी, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या की थांबायचं नाही. उन्हाळ्यात रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची, सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही ठेववणार नाही, सकाळी आठच्या आत आणि अंधार पडल्यावरच उतरवा. फक्त येऊरच्या पायथ्याला, उपवनच्या मागच्या बाजूला काम असेल तर अंधारात नको. वर राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्या कुत्र्यासाठी खाली येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर थेट कोरम मॉलपर्यंत आला होता, ठाणेकरांना आठवत असेल.

स्वतःची काळजी पण घ्या. या कामात चावा कधीतरी बसतोच, म्हणून काम सुरू करायच्या आधी डॉक्टरला विचारून रेबीजची आधीच घ्यायची लस घेऊन टाका. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं खूप मोठी वाटतात. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. आधी लस घेतलेली नसेल तर दंडाच्या स्नायूत घ्यायची इंजेक्शनं ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात, चाव्यातून रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही (जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं) लागतं. मधला एकही डोस चुकवायचा नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय नाही, हे सगळ्यांना सांगत रहा.

आता गेटबाहेरच्यांकडे परत येते. कानाला खाच नसलेली कुत्री दिसली तर खायला घालणाऱ्या माणसाला गाठा, प्रत्येक गल्लीत एक तरी असतंच, बहुतेक वेळा कुणीतरी मावशी नाहीतर कॉलेजचा मुलगा. त्यांच्याशिवाय कुत्रं पकडलं जात नाही, कारण ते फक्त त्यांच्याच हाकेला येतं. दोघं मिळून यादी करा, रंग, खूण, नर-मादी, फोटो, आणि महापालिकेकडे नसबंदीसाठी लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, मागे लागा. गाडी येईल त्या सकाळी स्वतः हजर रहा. गल्लीतून पकडलेली कुत्री परत त्याच जागी सोडायची असतात, २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत तसं आहे, आणि सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला दिलेल्या आदेशातही नसबंदी-लसीकरण करून त्याच भागात सोडा म्हटलंय, रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि फार आक्रमक कुत्री वगळून. लोकांना वाटतं लांब नेऊन सोडली की प्रश्न मिटला. ओळखीची, लस घेतलेली कुत्री गेली की मोकळ्या जागेत दुसरी बिनलसीची येतात आणि मग तुमच्या पट्ट्यातल्या कुत्र्याला तीच भेटतात.

खायला घालण्यावरून भांडणं होतात सोसायटीत, तर त्याचाही मार्ग त्याच नियमांत आहे. जागा ठरवायची, जिन्यापासून, प्रवेशदारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, वेळ अशी की मुलं आणि म्हातारी माणसं खाली नसतील. कोर्टानेही ठरवलेल्या जागीच खायला घाला म्हटलंय, वाटेल तिथे रस्त्यावर नाही. सेक्रेटरीकडे जाताना तावातावाने जाऊ नका. मी एकदा गेले होते, काही उपयोग झाला नाही. नंतर त्याच काकांना लसींच्या तारखा लिहिलेली यादी दाखवली, खाऊन झाल्यावर जागा आम्ही झाडून घेऊ म्हटलं, तर पार्किंगच्या मागचा कोपरा त्यांनी स्वतःच दाखवला. कुत्र्यांना भीत असलेल्या माणसाची भीती खरी असते, ती आधी ऐकून घ्यायची. आणि बिस्किटांचे पुडे नको हो, नुसती साखर-मैदा, त्यापेक्षा बिनकांद्याचा भात-अंडं घाला.

पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी मात्र सोसायटीला बहुमतानेही घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते आहे, प्रिंट काढून पिशवीत ठेवा. पण शी उचलायची पिशवीही त्याच पिशवीत पाहिजे. कुणी प्राण्याला मुद्दाम मारलं, विष घातलं, अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फोटो काढा, पोलिसांकडे लेखी द्या, एकट्याने जाऊन भिडू नका.

पैशांचं थोडक्यात. एका व्हिजिटचे पैसे ठरवताना रिक्षा आणि जाण्यायेण्याचा वेळ धरा, घोडबंदरला संध्याकाळी अडकलात की तास जातो, त्यामुळे दोन घरं जवळजवळचीच घ्या. सणाला जास्त घ्या आणि ते आधी सांगा. अर्धे आगाऊ. दिवसाला चारपेक्षा जास्त घरं मी घेत नाही, पाचव्या घरी पोचेपर्यंत लिटरमधले गोळे मोजायचं भान रहात नाही.

रोज मालकाला फोटो आणि दोन ओळी पाठवा, खाल्लं किती, शी कशी, मूड कसा. बिघडलेलं असेल तर तेही त्याच दिवशी, सुट्टी खराब होईल म्हणून लपवायचं नाही. ते परत आले की किल्ली हातात द्यायची, शिल्लक औषध मोजून दाखवायचं, वही दाखवायची. आणि निघताना गेटवरच्या मावशींना भेटून जायचं. परवा ढोकाळीला त्यांनी सांगितलं की काळ्या पिल्लाचा दुसरा डोस राहिलाय, तारीख मी माझ्या कालनिर्णयवर लिहून आलेय, त्या घरचं काम संपलंय तरी त्या दिवशी सकाळी जायचंय.