कारवानी कुत्रीची जोड लावण्यापूर्वी

कारवानी किंवा मुधोळ या वेगवान शिकारी जातीच्या कुत्रीसाठी नर निवडताना बहुधा त्याचा वेगच पाहिला जातो आणि पंचक्रोशीत एकच नावाजलेला नर पुन्हा पुन्हा वापरला गेल्याने नकळत जवळच्या नात्यात पैदास होते. यावर एक साधी वही पुरते.

समोरासमोरच्या दोन पानांवर नर आणि मादी यांच्या आईबापांची व आजीआजोबांची नावे, मालक व गाव यांसह लिहावीत आणि एकही नाव दोन्हीकडे आल्यास ती जोड सोडून द्यावी. (मालक बापाचे नाव अभिमानाने सांगतात, आईचे मात्र खोदून विचारावे लागते.) त्याखाली मादीचे वय लिहावे, कारण २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ते किमान १८ महिने असावे लागते. दोघांचीही ब्रुसेलोसिसची (समागमातून पसरणाऱ्या व गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची) रक्ततपासणी मादी माजावर येण्याआधीच उरकावी.

गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि पिल्ले दोन महिन्यांची होईपर्यंत विकता येत नाहीत. म्हणून घेणाऱ्यांची यादी आधीच करावी आणि तीत रानातल्या शिकारीसाठी पिल्लू मागणाऱ्याला स्थान देऊ नये, कारण वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

या सडपातळ कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असल्याने काही भूल-औषधांचा अंमल लांबतो. प्रसूतीत शस्त्रक्रियेची वेळ आल्यास पशुवैद्यांना जात आधी सांगावी.